राहेलआजींची चादर

तुम्ही हसाल, पण सोलापुरात बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक, म्हणजे पाद्री, होऊन आलो तेव्हा मला वाटायचं, ही जुनी मंडळी पेंगतेय, नवी माणसं आणली की जागी होईल. वर्षभर गिरणीच्या चाळी पालथ्या घातल्या, तेव्हा सहाजण बाप्तिस्म्याला तयार झाले.

आमच्यात पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. हौदातून ओल्या निघालेल्या बायकांना चादरीत गुंडाळून घ्यायचं काम तीस वर्षं राहेलआजींचं. त्या दिवशी सहाही जणांचा बाप्तिस्मा झाला. मी सवयीनं विचारलं, "आणखी कोणी?"

आजींनी चादर माझ्या बायकोच्या हातात दिली. "आज ही तुमी धरा, बाई. माजा राहिलाय."

"आजी, तुमचा बाप्तिस्मा झाला नाही?"

"माजी पाळी आली तवा पोटुशी व्हते. तवाचे गोरे पाद्रीसाहेब म्हनले, पुढच्या खेपेला घेऊ. मग कुनी इचारलंच न्हाय, आन् मला सांगायची लाज वाटाया लागली."

"अहो, वर्षभर मी दारोदार हेच विचारत फिरत होतो की."

"व्हय की," आजी पाण्यात उतरत म्हणाल्या. "रोज माज्याच दारावरनं जायचा. लई घाईत असायचा."