आठवणी खाणारी तलवार

वडील गेले, त्यांचे राहिलेले कपडे न्यायला मी रुग्णालयात थांबले होते. पुढच्या बाकावर बहीणभाऊ बोलत होते.

“दादा, गेममधली ती तलवार शापित का रे?”

“विझलेल्या ताऱ्यातून घडवलीय. जिंकून देते, पण प्रत्येक वाराला धरणाऱ्याची एक आठवण खाते.”

“म्हणून अण्णा साधा भाला घेऊन हरत बसायचे?”

“हो. म्हणायचे, घरच्यांना विसरून जिंकायचं कुणासाठी?”

“आणि आज डोक्याच्या ऑपरेशनला स्वतःच तयार झाले! गाठ निघेल, पण आपल्याला ओळखतील याची डॉक्टरांनाही खात्री नाही.”

“मी विचारलं अण्णांना. म्हणाले, मी विसरेन, तुम्ही दोघं कुठे विसरणार आहात?”

“दादा...”

“डोळे पूस, वेडाबाई. शुद्धीवर आले की आधी आपली नावं सांगायचीत.”