वरचं खोकं

— बसा हो प्रेरणाताई, बसा. सही करायची नाय म्हणताय ना, मग बसून नाय म्हणा की! चहा? नको? बरं. मी ह्या सरकारी दवाखान्याचा भांडारपाल, तुम्ही आठ दिवसांच्या नव्या फार्मासिस्ट — रोज एकमेकांचं तोंड बघायचंय, भांडून कसं चालंल? तापाचं सिरप आलंय, खोकी मोजली, बरोबर भरली — मग ‘माल ठीक’ म्हणून सही करायला काय हरकत? काय? घोटाळा? अहो हळू! बाहेर दक्षता सप्ताहाचा फलक लागलाय. सकाळी भ्रष्टाचाराविरुद्धची शपथ सगळ्यांना कुणी दिली? मीच ना? आवाज खणखणीत म्हणून साहेब दरवर्षी मलाच उभं करतात. आणि नंतरचे समोसे कुणाचे? इंद्रजीतसेठचे. व्हय, तेच, सिरपवाले, छावणी भागातले. लई मोठ्या मनाचा माणूस!

निविदा? रीतसर निघाली. तिघांनी भरली — एक सेठ, दोन त्यांचे साडू. आता साडू-साडूत किती चुरस असती ते लग्न झालेल्या माणसाला विचारा! — चालत नाय? असं नियमात लिहिलंय? असंल. माझ्या आधीचा भांडारपालबी असंच म्हणायचा. आता गडचिरोलीला असतो. दिवाळीला शुभेच्छा पाठवतो बिचारा, लई मनापासून पाठवतो.

काय म्हणता, बाटलीच्या तळाला गाळ दिसतो? मग हलवायची! लेबलावरच छापलंय, हलवून घ्या म्हणून. आणि आपण कशाला डोकं शिणवायचं? प्रयोगशाळा हाय की. नमुना जातो, रिपोर्ट येतो — पास. दरवर्षी पास. नापास होईलच कसा? सेठची माणसं नमुन्याचं खोकं सगळ्यात वर ठेवतात, हिरव्या सुतळीनं बांधून — आपल्याला शोधायचा त्रास नको म्हणून. तेवढ्यातली बाटली काढायची, सील करायची, धाडायची. त्यातलं सिरप म्हणजे काचेसारखं नितळ! माझ्या नातवाला ताप आला की मी त्यातलीच नेतो. — खालच्या खोक्यातली? नाय बा, एवढ्याशा लेकराला कशाला... म्हणजे तसं नाय हो! तीबी चांगलीच हायत. बालवॉर्डातली लेकरं पितातच की. तोंड वाकडं करतात, पण लेकरं करणारच.

असं बघू नका माझ्याकडं. टेन्शन नक्को. तुमची सही झाली की उद्या वॉर्डात वाटप, विषय संपला. नमुनाबी मीच आज — काय? गेला? कधी? समोसे वाटत होतो तेव्हा? बरं झालं, माझं काम वाचवलंत. फक्त ती सुतळी परत घट्ट — सुतळी नव्हती? मग कोणत्या खोक्यातनं... खालच्या? अगदी तळाच्या? अहो, का पण? — कुठूनही उचलायचा, असा नियम हाय म्हणून? ताई, नियम भिंतीवर लावायला असतात, कुणी असे — परत मागवता येईल का? नाय? पोचलासुद्धा?

त्या मालावर माझी सही कालच झालीय हो.

...सेठचा फोन. वाजू द्या. तुम्ही जा आता. जा म्हणलं ना! — आणि हे बघा, मी तुमच्याकडं सही मागितलीच नव्हती. काय?