मेरेडिथबाईंचा एकच मुद्दा

सत्यजित : ...आणि उद्या तैवानवर हल्ला झाला, तर तुमच्या मेरेडिथबाई, निवडून आल्याच, तर प्रेसिडेंट म्हणून काय करणार? तिथे पाळणाघर काढणार?

मालिनी : आधी न्यू जर्सीत तर काढू देत.

सत्यजित : मी गमतीने विचारत नाही, मालिनी. प्रेसिडेंटच्या टेबलावर युद्ध येतं, बजेट येतं, न्यायाधीशांच्या नेमणुका येतात. स्वस्त डेकेअर सोडून बाई कशावर बोलल्यात?

मालिनी : बाकीच्यासाठी जाणकार माणसं नेमता येतात. हट्ट नेमता येत नाही.

सत्यजित : हे तुमच्या प्रचारातल्या विक्रमचं वाक्य.

मालिनी : माझं आहे. त्याने भाषणात घेतलं.

सत्यजित : बरं. पण हट्टाने सिनेट हलत नाही. तिथे सौदा करावा लागतो.

मालिनी : मग करतील. ज्याला एकच गोष्ट हवी असते, त्याला बाकी सगळीकडे पडतं घेता येतं.

सत्यजित : तीच भीती आहे. एका गोष्टीपायी बाकी सगळं सोडून द्यायचं.

मालिनी : तू मेरेडिथबाईंविषयीच बोलतोयस ना?

सत्यजित : वीकेंडला त्या विक्रमबरोबर लोकांची दारं ठोठावतेस. आता प्रचाराला आयोवाला निघालीस.

मालिनी : व्हॅन भरून माणसं निघालीत. उल्काकाकूसुद्धा, गुडघ्याला पट्टा बांधून.

सत्यजित : काल त्यांच्याच बेसमेंटमध्ये विक्रम सगळ्यांना सांगत होता. इला झाली, डेकेअर परवडेना, म्हणून मालिनीने रिसर्च सोडला; शेवटच्या दिवशी लॅबच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडली. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी मान डोलावली, जणू मला ठाऊकच होतं.

(मालिनी हातातली पत्रकं खाली ठेवते.)

मालिनी : प्रचारात पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारतात, तू इथे का आलास. ते सांगितल्याशिवाय कुणाच्या दारावर पाठवत नाहीत. तो सगळ्यांसमोर बोलेल असं वाटलं नव्हतं.

सत्यजित : लॅब सोडलीस त्या संध्याकाळी मीही विचारलं होतं, कसा गेला दिवस. तू पोळ्या लाटत होतीस. म्हणालीस, लॅबमध्ये केक आणला होता.

मालिनी : आणि तू म्हणालास, चला, इलाची तरी सोय झाली.

सत्यजित : ...म्हणालो होतो.

मालिनी : हो.

सत्यजित : आयोवाला जा. इलाचं मी बघेन. फक्त, त्याला सांगितलंस तसं एकदा मला सांग.

मालिनी : बस इथे. त्याला थोडक्यात सांगितलं होतं.