सौभाग्यवतींच्या दंडावरचा ताईत

तुम्ही ताईताला हसता, म्हणून हे सांगतो. नव्वदच्या दशकात आम्ही उभयता सुट्टीहून दुबईस परतत असता, तिथल्या विमानतळावरील अधिकाऱ्याने सौभाग्यवतींच्या दंडावरचा ताईत हेरला. गावच्या पिराचा, अरबी अक्षरांचा. तिकडे जादूटोणा हा गुन्हा. नोकरी गेलीच, असे मला वाटले.

“काढून ठेव म्हणालो होतो ना?” मी पुटपुटलो.

“तुम्ही गप्प बसा हो!”

अधिकाऱ्याने हिंदीत विचारले, “असर होता है?”

“होता है! बच्चे का बुखार उतरा,” ही ताठ मानेने म्हणाली.

त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “मेरी बेटी नींद में डरती है. कौन बनाता है?”

माझा जीव भांड्यात पडला. ताईतांवर आयुष्यभर टीका केलेली असूनही मी त्यास दर्ग्याची वाट एस.टी.च्या थांब्यासह सविस्तर समजावून दिली.