शेजारचं माणूस आलं का बघा

नाही हो, फोन आहे माझ्याकडे — हा बघा, चार्जिंगसुद्धा भरपूर आहे — तुमचा राहू दे. चहा मात्र द्या अजून एक, साखर जरा बेतानं. बस गेली ती गेली, तुम्ही कशाला एवढ्या कासावीस होताय? मी होतेय का? येईल की परत. बसमध्ये माझा नवरा आहे, माझी शाल आहे, खाऊची पिशवी आहे — पिशवीची तरी आठवण होईल ना कुणाला.

आता तुम्ही म्हणाल, एवढी धडधाकट बाई मागे राहिलीच कशी. सांगते. आमच्या सहलीचा तो मॅनेजर पाहिलात ना, गळ्यात शिट्टी अडकवून फिरत होता तो — त्याची एक पद्धत आहे. तो डोकी मोजत नाही. म्हणतो, मोजण्यात घोळ होतो, कुणी वाकलेलं असतं, कुणी वरून सामान काढत असतं. त्यापेक्षा शिट्टी वाजवायची आणि ओरडायचं, ‘शेजारचं माणूस आलं का बघा!’ मग खिडकीतल्यानं बाजूला बघायचं आणि हात वर करायचा. सगळ्या खिडक्यांमधून हात वर झाले की गाडी हलली. पद्धत वाईट नाहीये. फक्त माणसानं बाजूला बघायला पाहिजे — आणि आमचे हे बघत नाहीत. सकाळी संग्रहालयापाशी, मग धरणापाशी, मग त्या बागेपाशी — शिट्टी वाजली रे वाजली की यांचा हात वर. मी अजून पायरीवर असायची, नाही तर खाली बसून चप्पल शोधत असायची, आणि हात आपला वर. मी हसून म्हटलंसुद्धा, अहो, बघा तरी एकदा. तर म्हणतात, ‘बघायचंय काय त्यात? तू कुठे जाणारेस?’ खरंच आहे म्हणा. कुठे जाणार मी?

आणि खिडकी यांनाच का? हे बरं विचारलंत. गाडी लागते ती मला, खिडकी लागते ती यांना. मी आपली प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर घेऊन कडेला बसते. अख्खं धरण मी यांच्या कानाच्या पाळीवरून पाहिलं, विश्वास ठेवा. लेक म्हणाली होती, आई, बाबा आता रिटायर झालेत, दोघं जरा फिरून या, मोकळं बोला. बोललो की — ‘पाणी दे’, ‘गोळी दे’, ‘ही टोपी धर’. घरी तर याहून मजा. आतल्या खोलीतून मला स्वयंपाकघरात फोन करतात — नाही, खरंच, चेष्टा नाही करत — ‘माझा टॉवेल कुठंय?’ मध्ये एक भिंत फक्त. मी हात पुसून फोन उचलते, सांगते टॉवेल कुठंय ते, आणि परत पोळी उलटते. वाईट? छे, आता वाईट नाही वाटत. आधी वाटायचं. आता कसं झालंय, पायाला मुंग्या येऊन येऊन पाय आपला वाटेनासा होतो ना — तसं काहीतरी.

तर टोपीचं सांगत होते. ही बघा — ही टोपी. आमचे हे ती त्या दरीच्या कठड्यावर विसरले होते. बसमध्ये चढता चढता म्हणाले, ‘टोपी राहिली बघ’, आणि जाऊन बसले खिडकीत. मी गेले, घेतली, पळत पळत आले, तोवर बस —

नाही. तसं नाही झालं. मी तुम्हाला मघाशी म्हटलं ना, पोचेपर्यंत बस सुटली — सुटली नव्हती. मी त्या खांबापाशी होते, हा इथला, हात लांबवला असता तर बसला लागला असता. शिट्टी वाजली. मला यांची खिडकी समोर दिसत होती. म्हटलं, आज बघतील. टोपी आणायला यांनीच पाठवलंय, आज तरी बघतील. यांनी हात वर केला. जांभई देत केला. मी ओरडू शकले असते, दार बडवू शकले असते. उभी राहिले. असून अडचण तर आहेच मी — नसून खोळंबा होतो का, ते एकदा बघावंसं वाटलं. खोळंबा काही झाला नाही. मस्त वळण घेऊन गेली बस.

मग ठरवलं, आपण फोन करायचा नाही. यांनी आपणहून बाजूला बघितलं, बस फिरवली, तर निमूट जाऊन कडेला बसायचं, एक शब्द बोलायचा नाही. नाही तर? नाही तरचं काही ठरवलं नव्हतं. वाटलं नव्हतं तेवढी वेळ येईल. तुमचा हा तिसरा चहा झाला बघा माझा. दरी मात्र छान आहे हो तुमची. सगळीच्या सगळी दिसते, मध्ये कुणाचा कान नाही.

थांबा — वाजतोय. यांचाच आहे. बघा, म्हटलं नव्हतं मी? म्हटलं नव्हतं — थांबा हं, जरा बसू दे मला खाली.

हॅलो. हं. बोला ना. … काय? गाण्यांमुळे ऐकू येत नाहीये, मोठ्यानं बोला. … चष्मा? शर्टाच्या खिशात बघा. … नाही, स्वेटरच्या नाही, आत, शर्टाच्या. … सापडला? … बरं.

ठेवला. चष्मा विचारत होते. नाही, मी कुठे आहे ते नाही विचारलं. पुढे बायकांची गाणी चाललीयत, त्यांना वाटलं असेल त्यांच्यात बसलेय. नाही तर काही वाटलंही नसेल. शेजारच्या सीटवर शाल आहे ना माझी, तेवढी पुरली असेल.

असं नका बघू माझ्याकडे. रडत नाहीये मी. मघाशी वाटलं होतं येईल रडू, नाही आलं. ती खाली शहराकडे जाणारी गाडी म्हणालात ना मघाशी — लेकीकडे जायला तिथूनच मिळेल मला काहीतरी — ती समोरच थांबते ना? हात केला तरच थांबते? बरं, करते की. माझा मीच करते.

ही टोपी ठेवा तुमच्याकडे. कुणी विचारत आलं तर द्या. नाही, निरोप काही नाही, टोपी द्या फक्त. तुम्ही जा हो आत, दूध उतू चाललंय तुमचं.