चुकीची बाजू पुसली

डबा बाहेरच ठेवा, भावोजी, इथे खायचं आणत नाहीत — आणि बसा त्या स्टुलावर, फक्त कशाला हात लावू नका! नाही हो, तुमच्यावर नाही, माझ्यावरच चिडलेय. ही वाटी बघा, टिचभर. तळाला बारीक जाळी, जाळीवर जेलीचा थर. कॅन्सरच्या पेशी वर सोडायच्या आणि बघायचं, जेली पोखरून खाली कोण उतरतंय. मग कापसाच्या काडीने वरची बाजू पुसायची, खाली पोचलेल्या मोजायच्या. वरची! आणि मी — इथे येणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवणारी मी — आज खालची पुसून मोकळी झाले! सगळी मेहनत मातीत. आता भिंगाखाली काय दिसतंय? स्वच्छ! एकही पेशी आरपार नाही. आमचे सर बघतील तर खुशीने नाचतील, त्यांना हेच हवंय.

कशासाठी म्हणजे? अहो, पेशी एकमेकींना धरून असतात ना, ते धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते गेलं की हात सुटले, आणि एकेक बया निघाली उंडारायला. मी ते परत घालून बघतेय. तर फिरणं कमी होतं — होतं, नाही असं नाही — पण मग त्याच एकमेकींना बिलगून दुप्पट जोमाने वाढायला लागतात! एक दाबावं तर दुसरं डोकं वर काढतं. वैताग आलाय नुसता. सर म्हणतात, पेपरात वाढीचं लिहू नकोस, फिरण्याचंच लिही. काय बोलणार, कप्पाळ?

चूक कशी झाली? लक्ष नव्हतं, झालं. सकाळी काडी हातात घेतली आणि ताईचा फोन. ती रडतेय, फोन खांद्याशी दाबलेला, आणि मी आपली पुसत सुटलेय. रडणार नाही तर काय? गाठ काढली, इतकी औषधं सोसली, आणि आता म्हणतात मणक्यात — मी तेव्हाच म्हटलं होतं, हिच्या गाठीत ते प्रथिन औषधालाही नाही, असल्या पेशी गप्प बसत नाहीत, पण माझं ऐकतंय कोण —

असे काय बघताय?

रिपोर्ट चांगला आला म्हणाली? तुम्हाला? कधी, काल?

अरे देवा. भावोजी, मी काही — नाही, मला नका विचारू. पोरीची परीक्षा होईपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही, शपथ घातली होती हो तिने मला. बसू नका आता. पाणी नको, काही नको. उठा. जा घरी. एकटी आहे ती.