मशीन जिन्यातच राहिलं

हाडांच्या दवाखान्यात मास्तरीणबाईंचा नंबर पुकारला, पण त्यांनी गुडघा चोळत मागच्याला पुढे जाऊ दिलं. शेजारच्या बाकावर एक शिंपी आपल्या थोरल्या बहिणीला काही सांगत होता, आणि गोष्ट ऐन रंगात आली होती.

"ताई, माझे ग्रहच फिरलेत. आधी दुकानाची पाटी पडली."

"कुणाच्या डोक्यात नाही ना पडली?"

"मग इस्त्रीखाली कोट जळला. दुसरा शिवला, तर त्यावर मांजर व्याली."

"किती पिल्लं?"

"चार. हसू नकोस. म्हटलं, मशीन विकून मोकळं व्हावं. आज गिऱ्हाईक आलं. दोघं मिळून माडीवरून उतरवत होतो, तर माझा पाय घसरला."

"आणि तू पडलास."

"त्यांच्यावर."

"मशीन?"

"पायरीवर उभं आहे. ओरखडासुद्धा नाही."

"आणि तुला?"

"मलाही नाही."

"मग ग्रह त्या बिचाऱ्याचे फिरलेत की रे."

दार उघडलं. मांडीपर्यंत प्लास्टर घातलेले गृहस्थ चाकांच्या खुर्चीतून बाहेर आले. पँटचा डावा पाय कापलेला होता.

"साहेब, चुकलंच माझं. मशीन घरपोच आणून देतो."

"नको, तुम्ही माझ्या जिन्याकडे फिरकूच नका. आता सहा आठवडे पँट कशी घालू ते सांगा. घरी चार आहेत. डावा पाय उसवून बंद लावून द्याल?"

शिंप्याचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला.

"ताई, लिहून घे. मांडी, प्लास्टरसकट, अठ्ठावीस."

"आणि जिन्यातलं मशीन?"

"आजच वर चढवतो. तू मात्र खाली उभी राहू नकोस."